गिरमिटावरचं वजन

मशीनबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. त्या फार्मवर इंग्रजी वाचता येणारे आम्ही दोघंच, मोठे साहेब आणि मी. साहेबांनी ती उघडलीही नाही. माझ्या हातात देत म्हणाले, वाचून ठेवा, तुम्ही ग्रॅज्युएट आहात. मी ती वाचली. तीन वेळा वाचली. पुढचं सांगण्याआधी हे सांगून टाकायला हवं, कारण नंतर लोकांनी ड्रायव्हरला बोल लावला, वाऱ्याला लावला, नशिबाला लावला. पुस्तिकेत काय होतं हे मात्र एका माणसाशिवाय कोणी विचारलं नाही.

मोडनिंबपासून सोलापूरच्या अंगाला, हमरस्ता सोडून मैलभर आत, एका ट्रस्टचा बियाण्यांचा फार्म होता. बहात्तरचा दुष्काळ उलटून तीनेक वर्षं झाली होती. सोलापुरातून बी.एस्सी. होऊन मी तिथे सुपरवायझर म्हणून लागलो होतो. आमच्या घरात कॉलेजचं फाटक ओलांडलेला मी पहिलाच. माझ्या शिक्षणाला ज्यांचे हात लागले त्यांची आठवण मी आजही रोज काढतो: गणिताचे गुरुजी, ज्यांनी स्वतःची कंपासपेटी मला देऊन टाकली; बोर्डिंगातल्या स्वयंपाकीणबाई, ज्या परीक्षेच्या दिवसांत माझ्या ताटात न विचारता एक भाकरी जास्त टाकत; आणि मोठे साहेब. माझा अर्ज त्यांनी नुसतं अक्षर बघून बाजूला काढला होता, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. साहेबांबद्दल पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचताना एवढं ध्यानात असू द्यावं.

नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी मी साहेबांकडे शब्द टाकला आणि आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रोजंदारीवर लावून घेतलं. आमची बैलजोडी दुष्काळात छावणीतून परत आली नव्हती. बैल नाहीत म्हटल्यावर आबा आधी दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि मग मिळेल त्याच्या रानात जात होते. फार्मवर आल्यावर त्यांची चालच बदलली. कोपऱ्यातल्या कुळवाकडे बघून ते पहिल्याच दिवशी म्हणाले, पास बोथट झालीया, लोहाराकडनं धार लावून आनाया पायजे. आणि स्वतःच ते पातं कुळवातून काढायला बसले.

अडचण होती ती हजेरीची. सकाळी चिंचेखाली माणसं गोळा झाली की मी एकेकाचं नाव पुकारायचो. वडिलांचं नाव चारचौघांत तोंडावर घ्यायची आमच्यात रीत नाही. त्यांची ओळ आली की मी गप्प राहून खूण करायचो, आणि तेवढ्या गप्प राहण्यावरून आबा ओळखायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "हाय, सायेब." सगळे हसायचे. आबाही हसायचे. मी कधी मान वर करून बघितलं नाही. मला वाटायचं, ही तेवढी एक गंमत आहे, सवय होईल.

कुंपणाचं काम निघालं ते हरणांमुळे. माळावरून काळविटांचे कळप उतरायचे आणि बियाण्याचे प्लॉट एका रात्रीत खुडून ठेवायचे. काटेरी तार येऊन पडली, दगडी खांबही आले, आणि फार्मच्या चारी बाजूंनी आखलेल्या दोरीशेजारी ते खांब आडवे मांडून ठेवले गेले. आता खड्डे. पहारीनं आणि कुदळीनं खणायचं तर पावसाळा आला असता. ट्रस्टच्या दुसऱ्या फार्मवर ट्रॅक्टरला मागून जोडायचं खड्डे पाडायचं मशीन होतं. साहेबांनी पत्र लिहून ते पंधरा दिवसांसाठी मागवून घेतलं.

ट्रकमधून उतरवल्यावर सगळी माणसं त्याच्याभोवती उभी राहिली. पुरुषभर लांबीचा एक आडवा दांडा. त्याच्या टोकाशी लोखंडी डबा, त्यात दातेरी चाकं. डब्याखाली उभा लोंबणारा मोठा स्क्रू, माणसाच्या मांडीएवढा जाड, कडेनं फिरत गेलेली पाती आणि तळाशी चोच. आडव्या दांड्याच्या खालून, ट्रॅक्टरच्या पाठीपासून डब्यापर्यंत, आणखी एक बारीक दांडा जायचा. फिरणारा होता तो. ट्रॅक्टरची ताकद त्याच्यातून डब्यात जायची आणि स्क्रू फिरायचा.

आबांनी बोटानं पात्याची धार चाचपली आणि म्हणाले, हे तर सुताराचं गिरमिट हाय की. त्या दिवसापासून मशीनचं नाव गिरमिट पडलं. साहेबही तेच म्हणू लागले. नारळ फोडला, चोचीला कुंकू लावलं आणि नारळाचं पाणी त्या डब्यावर शिंपडलं.

दुपारच्या सुट्टीत मी पुस्तिका घेऊन चिंचेखाली गेलो. जबाबदारी म्हणून गेलो आणि, खरं लिहायचं तर, थोडा मिरवायलाही गेलो. एकेक सूचना मराठीत करून सांगितली. मशीन चालू असताना ड्रायव्हरशिवाय कोणी जवळ उभं राहू नये. फिरत्या दांड्यावरचं झाकण काढू नये. सैल कपडे घालू नयेत. दांड्यावर चढू नये. चौथ्या पानावर चित्र होतं, दांड्यावर उभा असलेला एक माणूस आणि त्याच्यावर काळी ठसठशीत फुली. पुस्तिका हातोहात फिरली. चित्रातल्या माणसाला हॅट होती, पँट होती, पायात घोट्याच्या वरपर्यंत बूट.

एक गडी होता, गावात सोंगं काढायचा, त्यानं चित्र नीट निरखलं आणि म्हणाला, "ह्यो तर सायेब हाय. त्याला कुटं तोल सांबाळायला येतोय? म्हनून फुली मारलीया."

हशा पिकला. मीही हसलो. पुस्तिका माझ्याकडे परत आली तेव्हा त्या पानावर तेलकट अंगठा उमटला होता.

झाकणाचं म्हणाल तर ते मशीनबरोबर आलं होतं. कौलासारखा वाकवलेला लांबट पत्रा. ड्रायव्हर सोलापूरचे होते, दखनी बोलायचे, वयानं आबांच्याच बरोबरीचे, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी ग्रीस भरायला तो पत्रा काढला आणि तो नुसता खडखड करतो म्हणून परत बसवला नाही. दोन दिवसांनी मी पाहिलं तर चहा करणाऱ्या बाईंनी चुलीला वाऱ्याचा आडोसा म्हणून तो उभा केला होता. बेताचा होता, चुलीच्या मापाचा. मी बाईंना काही बोललो नाही. चाचांना बोललो. ते म्हणाले, लावतो सायब, फुरसत मिळू द्या. रोज चहा पिताना मला तो पत्रा दिसायचा. धुरानं तो हळूहळू काळा होत गेला.

पहिले चार दिवस काळ्या रानात गेले आणि गिरमिटाची सगळीकडे वाहवा झाली. चाचांनी ते खाली सोडलं की पाती माती वर फेकत सरळ उतरायची. बायका माती बाजूला ओढायच्या, गडी खांब उभे करायचे, मागून दगड ठोकत यायचे. साहेब सायकलवरून येऊन बघून जायचे आणि रांगेतले उभे खांब मनातल्या मनात मोजायचे, त्यांचे ओठ हलताना दिसायचे.

पाचव्या दिवशी माळाची बाजू लागली. वीतभर माती आणि खाली मुरूम. तिथे गिरमिट थांबलं. फिरायचं, पण उतरायचं नाही. एकाच जागी तवा घासल्यासारखा आवाज, धूळ, आणि जळक्या लोखंडाचा वास. ट्रॅक्टरच्या मागच्या हातांना मशीन उचलता यायचं. खाली दाबता यायचं नाही. मशीन आपल्या वजनानं जेवढं बसेल तेवढंच.

फिरत्या दांड्याला एक पिन होती. जोर फार झाला तर तिनं तुटायचं आणि मशीन वाचवायचं, असं पुस्तिकेत होतं. त्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या पिना तुटल्या. मग चाचांनी आपल्या पेटीतून एक बोल्ट काढला आणि बसवला. तो लांब होता. नट आवळल्यावरही बोटभर बाहेर राहिला. मी ते टोक बोटानं दाखवलं. चाचा माझ्याकडे बघून समजुतीनं हसले.

"फिरने लगा तो दिखताच नै, सायब. सगळं गोल."

आणि खरंच, दांडा फिरू लागल्यावर बोल्ट दिसेना. गुळगुळीत, चकचकीत, नुसता गोल दांडा दिसायचा. मी कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत उभा होतो.

मी साहेबांना सुचवलं, आदल्या दिवशी खड्ड्यांच्या जागी पाणी ओतून ठेवू, मुरूम मऊ पडेल. हेही पुस्तिकेतच होतं. साहेब म्हणाले, विहिरीचा तळ दिसतोय, रोपांना पुरेना, आणि तुम्ही मुरमाला पाणी पाजताय? त्यात काही चूक नव्हतं. एप्रिल होता. मशीन परत पाठवायला दहा दिवस उरले होते, आणि त्याआधी ट्रस्टचे पाहुणे पुण्याहून कुंपण बघायला यायचे होते.

कुळव चालताना रानात उतरत नसेल तर आमच्याकडे कोणी शिकलेल्याला विचारायला जात नाही. दिंडावर, म्हणजे कुळवाच्या आडव्या लाकडावर, दगड ठेवतात. दगडानं भागलं नाही तर माणूस चढतो. कासरा हातात धरून दिंडावर उभं राहायचं, बैल ओढतात, पास जमिनीत धसते. लहानपणापासून प्रत्येकानं हे केलेलं असतं. तेव्हा गिरमिट मुरमात उतरेना म्हटल्यावर तो सोंगाड्या गडी टांग टाकून आडव्या दांड्यावर चढला, यात नवल काहीच नव्हतं. त्याचे पाय दांड्यावर, आणि पायांच्या खाली हातभर अंतरावर तो फिरता दांडा. चाचांनी ट्रॅक्टर थांबवला नाही.

मी ओरडलो. खाली उतर म्हणालो. तो उतरला, पण उतरताना त्याचा चेहरा पडला होता, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमचं वजन चालत न्हाय, सायेब. तुमच्या घरचं लावा."

लोक पुन्हा हसले. आबा तेव्हा खांबापाशी होते. त्यांनी हातातली पहार जमिनीत रोवली, उपरणं डोक्याला गुंडाळलं आणि गिरमिटाकडे आले. ट्रॅक्टरच्या सीटच्या पाठीला एक दोर बांधला, दुसरं टोक कासऱ्यासारखं मुठीत धरलं आणि दांड्यावर चढून डब्यापाशी उभे राहिले. गुडघे किंचित वाकवलेले, अंग मागे. पंचवीस वर्षं कुळवावर उभा राहिलेला माणूस होता तो. चाचांनी क्लच सोडला. गिरमिट करकरलं आणि आमच्या डोळ्यांदेखत मुरमात उतरलं. लोकांनी गलका केला. "सायबाचा बाप चढला, आता हटतंय व्हय," कोणीतरी म्हणालं.

मी उतरा म्हणालो नाही.

ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण त्या गड्याला म्हटलं तसं "उतर" म्हणता येत नव्हतं, आणि "आबा, उतरा" म्हणायचं तर शंभर पावलांवरच्या बायकांनाही ऐकू गेलं असतं की पोरानं बापाला हुकूम केला. ज्या माणसाचं नाव मला हजेरीत घेता येत नव्हतं त्याला चारचौघांत खाली कसं उतरवायचं हे मला समजेना. संध्याकाळी घरी सांगू, असं मी ठरवलं. संध्याकाळी घरी आबा इतके खुशीत होते, आईला कासऱ्याची गोष्ट हातवारे करून सांगत होते, की मी ते उद्यावर टाकलं.

मग आबा रोजच चढू लागले. लोक त्यांना "वजन" म्हणू लागले. वजन आलं का? वजन चहा प्यायला गेलंय. साहेबांनीही एकदा सायकल थांबवून बघितलं. खड्डा पुरा झालेला बघितला आणि गेले.

आबांचं धोतर जुनं होतं, विरलेलं, दोन ठिकाणी आईनं गाठी मारलेलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, खड्डा संपवून ट्रॅक्टर थांबल्यावर, मला त्या बारीक दांड्यावर काहीतरी दिसलं. बोल्टाच्या टोकाला चार बोटं रुंदीची एक मळकी चिंधी गुंडाळली होती. आबांच्या धोतराचा सोगा फाटलेला होता. त्यांना कळलंही नव्हतं. मी दाखवल्यावर त्यांनी सोगा बघितला, वर खोचला आणि म्हणाले, विरलंय आता, धरलं की निघतंय. चाचांनी चाकूनं चिंधी कापून फेकून दिली.

त्या चिंधीकडे बघून मला काय वाटलं ते मी लिहिणार आहे. मला लाज वाटली. परवा पाहुणे येणार, साहेब त्यांना गिरमिट चालताना दाखवणार, आणि ग्रॅज्युएट सुपरवायझरचे वडील त्यांच्यासमोर फाटक्या धोतरात उभे राहणार, एवढंच माझ्या मनात आलं. मी विज्ञानाची पदवी घेतली होती. ते कापड तिथे कसं पोचलं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही असं नाही. पण आधी लाज वाटली आणि तिच्यातच मी अडकलो.

पहिल्या पगारात मी आबांना धोतरजोडी घेतली होती. सोलापुरातून आणलेली, दाट विणीची, चांगल्या सुताची. त्यांनी तिची घडीही मोडली नव्हती. माझ्या बहिणीच्या लग्नात नेसणार होते. पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी मी म्हणालो, आबा, उद्या ते नवं नेसा. ते म्हणाले, मातीत? मी म्हणालो, एक दिवस. पाहुणे येणार आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना कधीच काही सांगत नसे. हे पहिलंच सांगणं होतं. त्यांनी आईला पेटी उघडायला लावली.

सकाळी वारा सुटला होता. दहाच्या सुमाराला माळावर वावटळी उठू लागल्या, धूळ आणि वाळलेला पाला घेऊन फिरायच्या आणि विरायच्या. आबा पांढऱ्याशुभ्र धोतरात हजेरीला आले. घडीच्या रेघा तशाच होत्या, कापड चालताना सळसळत होतं. नवरदेव आला, असं बायकांनी म्हटलं. मी हजेरीत गप्प राहिलो आणि आबा म्हणाले, हाय, सायेब.

पाहुणे जीपमधून आले. तिघं होते. साहेबांनी मला पुढे बोलावलं, आमचे ग्रॅज्युएट, म्हणाले. मला बरं वाटलं. आबा दोर घेऊन दांड्यावर चढले. पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, तो माणूस तिथे कशासाठी? साहेब माझ्याकडे वळले. मी म्हणालो, वजनासाठी. पाहुण्यानं मान हलवली आणि रुमाल नाकाला धरला, कारण धूळ उडायला लागली होती.

पहिला खड्डा झाला. दुसऱ्यावर गिरमिट अर्धं उतरलं आणि अडलं. आबांनी वजन डब्याकडे टाकलं. तेवढ्यात आडवी वावटळ आली. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. मी डोळे उघडले तेव्हा आबांचा सोगा सुटून वाऱ्यावर ताणलेला होता, आणि मग तो खाली गेला. कोणी ओढल्यासारखा गेला. नवं कापड होतं, फाटलं नाही.

मला "आबा" एवढं म्हणता आलं की नाही, आठवत नाही. चाचांनी क्लच दाबला, लगेच दाबला, याला मी साक्षी आहे. पण दांडा जागेवर थांबत नाही, थोडा फिरतोच. तेवढ्यात कापड दोरासारखं वळलं गेलं आणि आबांचा डावा पाय गुडघ्यापर्यंत त्याच्यात ओढला गेला. हातातला दोर त्यांनी सोडला नव्हता. त्या दोरानंच त्यांचं बाकीचं अंग वर राहिलं.

इंजिन बंद झाल्यावर माळावर नुसता वारा ऐकू येत होता. कापड इतकं घट्ट बसलं होतं की सोडवता येईना. चहा करणाऱ्या बाई विळा घेऊन धावत आल्या आणि त्यांनी ते पीळ तोडले, एकेक करून, आबांच्या कातडीला धक्का न लावता. आबा त्यांना म्हणत होते, जरा सावकास, बाई, नवं हाय.

जीपमध्ये मागच्या सीटवर साहेबांनी आबांचं डोकं मांडीवर घेतलं. सोलापूर येईपर्यंत साहेबांचा पांढरा शर्ट पोटापाशी लाल झाला होता आणि वाटेत दोनदा त्यांनी आबांच्या तोंडात पाण्याचा घोट घातला. हेही लिहिलं पाहिजे.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली काढला.

आठव्या दिवशी साहेब कोरे कागद घेऊन खाटेपाशी आले. ट्रस्टनं विचारणा केली होती, अपघात कसा झाला याचा जबाब पाहिजे होता. मला म्हणाले, तुम्ही लिहा, तुमचं अक्षर चांगलं आहे. मग म्हणाले, पुस्तिकेतल्या सूचना कामगारांना समजावून दिल्या होत्या, असं लिहा. दिल्याच होत्या ना?

मी म्हणालो, हो.

ते खरं होतं. मी ते लिहिलं. बोल्ट ड्रायव्हरनं आपल्या मर्जीनं बसवला, असं त्यांनी सांगितलं, तेही लिहिलं. आपण बोटानं दाखवलेलं टोक मी लिहिलं नाही, चुलीजवळचा पत्रा लिहिला नाही. मग आबा दांड्यावर कोणाच्या सांगण्यावरून चढले, या प्रश्नापाशी माझं पेन थांबलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते.

आबा डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोपलेत. ते म्हणाले, "लिव्ह की. मी आपनहून चढलो. कुनी सांगितलं न्हवतं."

मी लिहिलं. वाचून दाखवलं. साहेबांनी शाईची डबी आणली होती. आबांचा अंगठा मी माझ्या हातात धरला, शाईत दाबला आणि माझ्या अक्षराखाली टेकवला.

नोकरी राहिली. चाचांची गेली. जाण्यापूर्वी ते केळी घेऊन दवाखान्यात आले आणि बराच वेळ आबांजवळ बसले. दोघं पावसापाण्याचं बोलत होते. मी बाहेर व्हरांड्यात उभा राहिलो, आत गेलो नाही. पुढे त्या माणसाचं काय झालं हे मी कधी शोधलं नाही. आता मी सोलापुरातच, जुळे सोलापूर भागात राहतो. त्यांची वस्ती माझ्या घरापासून रिक्षानं फार लांब नव्हती, आणि तरीही शोधलं नाही.

आबांना पुढे फार्मच्या फाटकावर बसायचं काम मिळालं. उरलेले खड्डे पहारीनंच झाले. ज्या खड्ड्यावर हे घडलं तो तेवढाच ठेवून त्यात खांब बसवला, म्हणून तो खांब रांगेत हातभर उंच दिसायचा आणि दर पावसाळ्यात थोडा कलायचा.

पण मला सांगायचं आहे ते घरी आल्यानंतरच्या एका दुपारचं. आबा बाजेवर उशीला टेकून बसले होते. आई रानात गेली होती. आबांनी मला विचारलं, "त्या पुस्तकात व्हतं का रं हे?"

मी म्हणालो, होतं.

"आन की ते. सगळं वाच."

मी पुस्तिका आणली. पहिल्या पानापासून मराठीत करून वाचू लागलो. पोथी ऐकावी तसे ते ऐकत होते, मध्येच हुंकार देत. चौथं पान आलं. त्यांनी पुस्तिका हातात घेतली आणि फुलीखालच्या हॅटवाल्याकडे बराच वेळ बघितलं. त्याच्या बुटांवरून बोट फिरवलं.

"आमाला वाटलं, हे त्याच्यासाटी हाय," म्हणाले.

मग मी म्हणालो. इतके दिवस अडलेलं ते वाक्य बाहेर आलं. आबा, मी तुम्हाला उतरा म्हणायला हवं होतं.

"म्हनला असतास तर मी उतरलो नसतो," ते म्हणाले. "चारचौगांत पोराचं ऐकून उतरतोय व्हय?"

हे खरं होतं की मला सोडवण्यासाठी म्हणाले, याचा निकाल मला आजतागायत लावता आलेला नाही. ते पुन्हा चित्राकडे बघत होते.

"कापडाचं काय लिवलंय?"

"सैल कपडे घालू नयेत."

"नवं, जुनं, असं काय लिवलंय का?"

मी मान खाली घातली. म्हणालो, नाही. तसं काही लिहिलेलं नाही.

"मग झालं," आबा म्हणाले, आणि पुस्तिका माझ्याकडे परत दिली. "म्होरलं वाच."

पुढच्या पानावर ग्रीस कुठे कुठे भरायचं त्या जागा दाखवल्या होत्या. मी त्या एकेक करून वाचून दाखवल्या.